घराण्याची चाल

माणसाच्या चालीवरून त्याचं घराणं ओळखता येतं, हे मी पूर्ण जबाबदारीने सांगू शकते. अशी वाक्यं सहसा व्यासपीठावर शाल-श्रीफळ स्वीकारताना म्हटली जातात आणि त्यांत घराणं म्हणजे संस्कार, शौर्य, दानधर्म वगैरे अभिप्रेत असतं. माझ्या वाक्यात तसं काही नाही. माझ्या वाक्यात घराणं म्हणजे पायाच्या नसांवरचं वेष्टन. काही घराण्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या सदोष निघतं, आणि मग त्या घरातली माणसं एकाच पद्धतीने चालतात. गुडघा उंच उचलतात, पाऊल पुढे टाकतात, आणि ते जमिनीवर आधी पुढून आपटतं. लांबून पाहिलं तर माणूस संचलनात चालल्यासारखा दिसतो.

मी नसा तपासायचं काम करत होते. बुलढाण्याच्या एका खाजगी दवाखान्यात, मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे, तंत्रज्ञ म्हणून. आता निवृत्त होऊन मेहकरला राहते. कोणी माझी ओळख करून देताना ‘बाई मेंदूच्या दवाखान्यात होत्या’ म्हणतं, तेव्हा समोरचा जरा सावरून बसतो. प्रत्यक्षात मेंदूशी माझा संबंध फार आला नाही. माझी बहुतेक नोकरी लोकांच्या गुडघ्याखाली गेली.

काम सोपं होतं. पेशंटच्या पावलावर बटणाएवढे धातूचे तुकडे चिकटवायचे, त्यांच्या तारा मशीनला जोडायच्या, मग घोट्याजवळ विजेचा एक छोटा झटका द्यायचा. झटका नसेतून धावत पावलापर्यंत जातो, तिथला स्नायू उडतो आणि पडद्यावर एक लाट उमटते. मग तोच झटका गुडघ्याजवळ द्यायचा. दोन लाटांमध्ये किती वेळ गेला आणि दोन जागांमधलं अंतर किती, यावरून नसेचा वेग काढायचा. पेशंट या सगळ्याला ‘करंट लावणे’ म्हणायचे. तेही खरंच होतं.

नस म्हणजे वायर. मोटारपंपाची केबल ज्याने पाहिली आहे त्याला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. आत तार असते, वर वेष्टन असतं. वेष्टन चांगलं असेल तर निरोप धावत जातो. हाताच्या नसेत तो सेकंदाला पन्नास मीटरहून अधिक वेगाने जातो, म्हणजे आमच्या मेहकरच्या बसपेक्षा पुष्कळच. साखरेच्या आजारात, दारूने, विषाने नसा बिघडतात, तेव्हा जागोजागी उंदराने केबल कुरतडल्यासारखं होतं. इथे बरी, तिथे खराब. वंशातून आलेला आजार वेगळा. त्यात कोणी कुरतडलेलं नसतं. केबल कारखान्यातूनच तशी आलेली असते. वेष्टन कसं बनवायचं याची कृतीच शरीराकडे चुकीची असते. ती आईकडून किंवा बापाकडून आलेली असते. त्यामुळे नस दोन्ही हातांत, दोन्ही पायांत, सगळीकडे सारखीच मंद चालते. एका शिस्तीत.

वेष्टन खराब राहिलं की वर्षानुवर्षांनी आतली तारही मरू लागते, आणि सगळ्यात लांबची आधी. कालव्याच्या शेवटच्या शेताला जसं पाणी पोचत नाही तसं. म्हणून सुरुवात पायापासून. पावलातले छोटे स्नायू वाळतात, तळव्याची कमान वर चढते, बोटं आत वळतात, पोटरी बारीक होते. पाऊल वर उचलणारा स्नायू दमतो, म्हणून माणूस ते काम गुडघ्याकडून करून घेतो. पुढे हाताची बोटं. बटण लागत नाही, किल्ली फिरत नाही. दुखतं कमी, जाणीव जाते जास्त. पायातली चप्पल निसटते आणि माणूस तसाच चार पावलं पुढे जातो. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात एकच चप्पल पडलेली दिसली की मी आत नवीन पेशंटची खुर्ची पुसून ठेवायची.

माणूस यातून मरत नाही. बराही होत नाही. पट्ट्या, बूट, व्यायाम, पायाची काळजी, एवढंच हातात असतं. आमच्याकडे येईपर्यंत बहुतेकांच्या गाठीशी दुसरं कोणतं तरी निदान असायचं. सगळ्यांत जास्त पोलिओ. एका घरातले दोन भाऊ, त्यांचा बाप आणि एक आत्या, अशा चौघांना पोलिओ होता. ‘देवी कोपली’ म्हणणाऱ्यांपेक्षा हे शास्त्रीय होतं, पण फार पुढे गेलेलं नव्हतं. एक एसटीचे कंडक्टर आले होते. त्यांच्या बोटांना नाणं आणि नोट यांतला फरक कळेनासा झाला होता. तपासणी झाल्यावर म्हणाले, “बाई, मले वाटलं लोकच सुटे देत नाईत.”

या कामात दोन गोष्टी होत्या, ज्या नोकरीच्या जाहिरातीत लिहीत नाहीत.

पहिली म्हणजे आशीर्वाद. तारा लावण्याआधी मी पेशंटला बाकावर बसवून त्याचे पाय पुसून घ्यायची. मी वाकले की वयस्कर माणसांचा हात आपोआप माझ्या डोक्यावर यायचा. “सुखी राहा.” “सौभाग्यवती हो.” मी लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्या प्रकारचे आशीर्वाद बरेच शिल्लक राहिले. मी सुरुवातीला सांगायची, काका, पाया पडत नाही, पाय पुसतेय. मग सांगणं सोडलं. आम्ही बौद्ध. ज्या ओट्यांवर माझ्या आजीला चढता आलं नव्हतं, त्या ओट्यांवरचे पाय माझ्या हाताखालून गेले. आजीला हे सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, “धुतले होते काय त्यायनं?”

दुसरी म्हणजे गप्प राहणं. लाट पडद्यावर आली की मला कळायचं. पेशंटला कळायचं नाही. रिपोर्ट सांगायचा अधिकार डॉक्टरांचा, आणि ते योग्यच होतं. माझ्याकडे फक्त वेग होता, त्याचा अर्थ लावायची विद्या त्यांच्याकडे होती. पण मधला अर्धा तास माझा असायचा. खोलीत मी, मशीनचा पंखा आणि एक माणूस, जो माझ्या चेहऱ्याकडे पाहत असायचा. त्यामुळे मी चेहरा ठेवायला शिकले. काहीच न सांगणारा. तो इतका पक्का बसला की घरी आल्यावरही निघेना. भाचेकंपनी म्हणायची, मावशीला काही सांगायला गेलं की तपासणी चालू आहे असं वाटतं. हळूहळू ती सांगायला यायची कमी झाली. त्यांची चूक नव्हती.

तर अशा त्या खोलीत एक दिवस वंदना आली.

वंदना मूळची वरवट बकालची. दिली होती जानेफळजवळच्या एका मोठ्या घरात. बरोबर मुलगी होती, गौरी, चौथीतली. गौरी शाळेत सारखी पडायची. पळताना बाकीच्या मुली पुढे जायच्या आणि ही गुडघे उचलत मागून यायची. वंदनाच्या सासरी ठरलं होतं की हे आईकडून आलं. कोणी तपासून ठरवलं नव्हतं. घरात असल्या गोष्टी ठरायला तपासणी लागत नाही. “तुमच्या वरवटच्या पाण्यातच खोट आहे,” असं सासू म्हणाली होती. आधी टोमणे, मग अबोला, मग ‘काही दिवस माहेरी राहून या’. काही दिवसांचं वर्ष झालं होतं.

गौरीची तपासणी झाली. पायावर लाट आलीच नाही. हातावर आली, पण खूप उशिरा, सगळीकडे सारखीच उशिरा. डॉक्टरांनी वंदनाची तपासणी करायला सांगितली. वंदनाची लाट सरळ, उंच, वेळेवर. अशी लाट पाहिली की माझ्या चेहऱ्याचाही कंटाळा जात असे.

डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. हा आजार आईकडून किंवा बापाकडून येतो, मुलगा-मुलगी भेद नाही, प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. तुमच्याकडून आलेला दिसत नाही. क्वचित कोणाकडूनच न येता नव्यानेही सुरू होतो. म्हणून मिस्टरांना घेऊन या.

“ते नाई येत,” वंदना म्हणाली. “त्यायले टाइम नाई. मोटारसायकलवरून उतरतच नाईत ते. शेतात मोटारसायकल, पानठेल्यावर मोटारसायकल. म्या तर त्यायले चालताना धड पाह्यलंच नाई.”

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि रिपोर्ट लिहायला घेतला.

ती माझ्या खोलीत पर्स घ्यायला परत आली तेव्हा मी म्हटलं, “कागद देतील डॉक्टर. तो घरी दाखवा.”

“कोन वाचते मॅडम कागद? बापूसाहेब म्हणजे माह्ये सासरे कागद हातात घेत नाईत, सही करायचा असला तरच घेतात.” मग तिने पर्स उचलली. “मले वापस जायाचं म्हणून नाई सांगत. माह्या बापाच्या घरी दोन भाकरी जड नाईत. पन पोरगी मोठी होईन. तिले वाटन, आईनं दिलं हे. ते एकदा म्हणाले पाहिजेत, आमच्याकडून आलं म्हणून. त्यायच्या तोंडानं. बस.”

गौरी दारात उभी राहून मशीनकडे पाहत होती. “हे आजीले पन लावता काय?” तिने विचारलं. “तिले जोरात लावा.”

मेहकरचं शिबिर त्यानंतर काही महिन्यांनी झालं. एका शाळेच्या मैदानात मंडप, आत वर्गखोल्यांत तपासणी. आमचे डॉक्टर, मी, माझं मशीन, आणि पायाच्या पट्ट्यांचं माप घेणारा एक माणूस. पट्ट्या म्हणजे पोटरीमागून तळव्याखाली जाणारं प्लॅस्टिकचं एक साधन. बुटात बसतं आणि पाऊल लोंबू देत नाही. गौरीचं माप त्या दिवशी घ्यायचं होतं, म्हणून वंदना सकाळच्या गाडीने आली होती आणि वऱ्हांड्यात बसली होती.

आमच्याकडे आरोग्य शिबिराची एक पद्धत आहे. उद्घाटक नुसती फीत कापत नाही. पहिली तपासणी त्याची होते. रक्तदाबाचा पट्टा त्याच्या दंडाला बांधतात, फोटो निघतो, आणि मग खऱ्या आजारी लोकांना आत घेतात. उद्घाटकांचे रक्तदाब मी पुष्कळ पाहिले. एवढे हार गळ्यात असताना ते नेहमी वाढलेले असतात. या शिबिरात आयोजकांना वाटलं, नेहमीचा पट्टा कशाला, या वेळी नवीन मशीन आलं आहे, ते व्यासपीठावर ठेवा. डॉक्टर नको म्हणाले. आयोजक म्हणाले, फक्त फोटोपुरतं. मशीन व्यासपीठावर गेलं. त्याच्यामागून मी गेले.

मी तारा सोडवत असताना उद्घाटक मंडपाच्या दारातून आत आले. पांढरा पायजमा, जाकीट, फेटा, करकरीत कोल्हापुरी चपला, मागेपुढे माणसं. सत्तरीच्या पुढचे असावेत. आणि मी त्यांची चाल पाहिली. गुडघा उंच, पाऊल पुढे, टप. गुडघा उंच, पाऊल पुढे, टप. निवेदकाने माइकवर सांगितलं, “पाहा मंडळी, या वयात कशी लष्करी चाल आहे! बापूसाहेबांच्या घराण्याची ही चाल पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. त्यांचे वडीलही असेच चालायचे!”

टाळ्या झाल्या. मी वऱ्हांड्याकडे पाहिलं. वंदनाने पदर कपाळापर्यंत ओढला होता.

म्हणजे हेच ते सासरे.

बापूसाहेब खुर्चीवर बसले. मला विचारलं, “कोण्या गावच्या तुम्ही?” मी मेहकर सांगितलं. “आडनाव?” तेही सांगितलं. “अच्छा,” ते म्हणाले. आमच्या भागात या ‘अच्छा’त पुष्कळ काही मावतं.

मी वाकले. कापूस घेऊन त्यांचा पाय पुसायला लागले. कमान इतकी उंच की खालून बोट जाईल; बोटं आत वळलेली. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला. “आयुष्मती हो,” माइकला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं. मी खरंतर त्यांच्या अंगठ्याला चिमटा काढून पाहत होते. त्यांना ते कळलं नव्हतं. मी वाकलेली दिसले म्हणून हात आला होता.

फोटोपुरतं म्हणजे मशीन चालू करायची गरज नव्हती. पण बापूसाहेबच म्हणाले, “चालू करा ना. दाखवायले आणलं काय नुसतं?” लोक पुढे सरकले. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते निवेदकाशी वाद घालत होते. मी अगदी हलका झटका दिला. पडदा सरळ. जरा वाढवला. सरळ. आणखी थोडा. बापूसाहेब आपले लोकांकडे पाहून हसत होते. झटका चालू आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

“काय बाई, लाइन गेली काय?” मागून कोणीतरी ओरडलं. हशा झाला. मी पडदा बंद केला आणि माइकजवळ म्हणाले, “आत शांतपणे करू.” माझा चेहरा त्या दिवशी उपयोगी पडला.

पुढचं डॉक्टरांनी हाती घेतलं. फीत कापून झाल्यावर ते बापूसाहेबांना एका वर्गात घेऊन गेले, बाकीच्यांना बाहेर ठेवलं आणि त्यांच्या परवानगीने नीट तपासणी केली. पायात लाटच नाही. हातात लाट आली, निम्म्याहून कमी वेगाने, सगळीकडे सारखी. गौरीच्या लाटेची मोठी प्रत. मी सगळं केलं, आकडे लिहून दिले आणि कोपऱ्यात तारा गुंडाळत बसले.

डॉक्टरांनी सांगितलं. बापूसाहेबांनी ऐकलं. मग म्हणाले, “मशीन खराब आहे तुमचं.”

यावर एक साधा उपाय आहे. मशीनवर शंका आली की तंत्रज्ञ स्वतःवर लावून पाहतो. मी रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तेच करायची. मी अंगठ्याखाली तारा चिकटवल्या, मनगटावर झटका दिला. माझा अंगठा उडाला. पडद्यावर लाट आली, सरळ, उंच, वेळेवर.

बापूसाहेब पडद्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. “म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “तुमच्या नसा चांगल्या. अन् आमच्या खराब.”

त्यात राग नव्हता, एवढं सांगितलं पाहिजे. हिशोब जुळत नसलेल्या माणसाचा आवाज होता. डॉक्टरांनी सांगायचा प्रयत्न केला की यात चांगलं-वाईट काही नसतं. पण डॉक्टरांचं ते वाक्य बापूसाहेबांसाठी नव्हतं आणि माझ्यासाठीही नव्हतं, त्यामुळे ते खोलीत तसंच राहिलं. मी तारा काढल्या.

“आलं कुठून हे?”

“आईकडून किंवा वडिलांकडून.”

“वडील असेच चालत.” त्यांनी आपल्या पावलांकडे पाहिलं. “लोक मले म्हणायचे, बापू, तुह्या बापाची चाल आली तुह्यात. मी लहानपणी आरशासमोर करून पाहो. अजून उंच उचलू काय गुडघा, म्हणून.”

त्या वेळी ते उद्घाटक वगैरे नव्हते. बाकावर बसलेला, पाय लोंबकळलेला एक म्हातारा माणूस होता. अशी माणसं मी रोज पाहत होते.

“मग संजयचं...” त्यांनी मुलाचं नाव घेतलं आणि थांबले. “अन् ते पोरगी?”

“दुसऱ्या पेशंटबद्दल मी बोलू शकत नाही,” डॉक्टर म्हणाले.

बोलायची गरज पडली नाही. वऱ्हांड्याकडची खिडकी उघडी होती. माप देऊन झालेली गौरी अनवाणी वऱ्हांड्यातून आईकडे निघाली होती. गुडघा उंच, पाऊल पुढे, टप. मंडपात पाहिलेली तीच चाल, फ्रॉकमध्ये. बापूसाहेबांनी ती वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत पाहिली.

“अच्छा,” ते म्हणाले. हा ‘अच्छा’ वेगळा होता. त्यात काही मावलं नव्हतं.

ते उठले, बाहेर गेले, वंदना बसली होती त्या बाजूला न पाहता मंडपातून गाडीत बसले. वंदना उभी राहिली होती, पुन्हा खाली बसली. मला तिला सांगायचं होतं. मला सांगता येणार नव्हतं. मी मशीनचं झाकण लावलं. या कामातलं एकटेपण कशासारखं असतं असं कोणी विचारलं तर मी त्या झाकणाबद्दल सांगेन. दोन माणसं एकाच पडद्याच्या दोन बाजूंना, मला दोन्हींकडचं दिसलेलं, आणि माझं काम तारा मोजून पेटीत भरण्याचं.

वंदना पट्ट्या न्यायला बुलढाण्याला आली तेव्हा गौरीच्या केसांत नवीन रिबिनी होत्या. वंदना खुर्चीत बसली आणि आधी हसली, मग म्हणाली, “मॅडम, आले होते ते.”

“कोण?”

“बापूसाहेब. वरवटले. स्वतः. दोन गाड्या, पेढे, चार लोक. माह्या बापाच्या ओसरीत बसले. मले वाटलं आता माफी मागतीन. माह्या बापालेही वाटलं, तो तर उठून उभा राह्यला बिचारा. तर काय म्हणाले सांगू?” तिने त्यांचा आवाज काढला. “‘नात आमची आमच्यावरच गेली. चाल पाहा तिची! आमच्या वडिलांची चाल, माझी चाल, तिची चाल. खानदानी आहे पोरगी. असं रक्त माहेरी ठेवत नसतात.’”

मी पट्ट्यांचं खोकं उघडलं.

“माह्या भावाले राग आला. म्हणे, एवढं वर्ष आमच्यावर ढकललं अन् आता मिरवते. म्या म्हटलं, गप बैस. मिरवू दे. सगळ्या वरवटनं ऐकलं ना, आमच्यावरच गेली म्हणून? गौरीनं ऐकलं ना? मले तेवढंच पाहिजे होतं. कोण्या सुरात म्हटलं ते त्यायचं त्यायनं पाहावं.”

“मग गेलात?”

“गेलो. पन एक अट टाकली.” तिने पट्ट्यांकडे बोट दाखवलं. “ह्या पोरगी रोज घालन, बूटपण घालन. ते म्हणाले, पट्ट्या लावल्यावर चाल कुठं राहीन? सरळ चालन ना ते. लोकायले कळन कसं कोण्या घरची आहे? म्या म्हटलं, बापूसाहेब, तिले पडायचं नाई. घरचं नाव आडनावात राह्यलं तं पुरे.”

“मग?”

“‘अच्छा’ म्हणाले.”

गौरीला पट्ट्या बसवल्या. ती खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालली. टाच आधी टेकली, मग पाऊल. टप असा आवाज झाला नाही. ती स्वतःच खाली वाकून पाहायला लागली, आवाज कुठे गेला म्हणून.

संजय कधी आला नाही. बापूसाहेबही पुन्हा दवाखान्यात आले नाहीत. घराण्यात आजार होता हे त्या घराने मान्य केलं, पण आजार म्हणून नाही. शास्त्राचा विजय झाला असं मी म्हणणार नाही. शास्त्र त्या दिवशी कोपऱ्यात तारा गुंडाळत होतं. वंदना घरी गेली, गौरी पडायची कमी झाली, आणि ज्या कारणामुळे ते झालं ते कारण माझ्या मशीनवर कधीच उमटलं नसतं.

मी निवृत्त झाले. मशीन दवाखान्यात राहिलं, नवीन मुलगी आहे तिथे, चांगली आहे. घरी मी एकटी असते. वाचते. सकाळी चहा पिताना कधीकधी उजवा अंगठा डाव्या मनगटावर दाबून पाहते, सवयीने. माझ्या नसा आता किती वेगाने चालतात हे कोणालाच माहीत नाही. मोजण्याचं काही कारणही उरलेलं नाही.

गेल्या वर्षी वंदनाचा फोन आला. गौरी दहावी झाली होती, पेढे खायला या. मी जानेफळची बस धरली. गौरी दारापर्यंत घ्यायला आली. बुटांत, सरळ, उंच झालेली. म्हणाली, “मावशी, सायन्स घेतलं. पन करंट लावायचं काम नाई करणार.” मी म्हटलं, बरोबर आहे.

बैठकीत बापूसाहेब आरामखुर्चीत होते. आता फारसे उठत नाहीत. त्यांनी मला ओळखलं, बसायला खुर्ची द्यायला सांगितलं, चहा कपबशीत आला, सगळ्यांसारख्याच कपबशीत. आमचं फार बोलणं झालं नाही. त्यांच्या डोक्यावर, वडिलांच्या तसबिरीच्या शेजारी, सोनेरी चौकटीत एक मोठा फोटो लावलेला होता. शिबिरातला. हार, फेटा, आशीर्वादाचा हात, त्याखाली माझं डोकं. खाली सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं : ‘शिबिराचे उद्घाटन करताना बापूसाहेब. आशीर्वाद घेताना आरोग्यसेविका.’

“चांगला आला फोटो,” ते म्हणाले.

मी जवळ जाऊन पाहिला. खरंच चांगला आला होता. माझ्या हाताशी त्यांची उजवी चप्पल नीट काढून ठेवलेली दिसत होती. डावा पाय लाल गालिच्यावर अनवाणीच होता. डावी चप्पल मागे मंडपाच्या दारात, पायरीखाली निसटून पडलेली होती.